लग्न मोडतं, घर वाटलं जात नाही

हिंदू विवाह कायद्यातलं २७वं कलम जेमतेम दोन-तीन ओळींचं आहे. लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या आणि नवरा-बायको दोघांच्या समाईक मालकीच्या वस्तूंचं काय करायचं, हे घटस्फोटाचा निकाल देताना न्यायालय ठरवू शकतं, एवढंच त्यात म्हटलं आहे. म्हणजे मामाने आहेरात दिलेलं कपाट, आत्याचा मिक्सर, मित्रांनी वर्गणी काढून घेतलेला फ्रिज यांची वाटणी न्यायाधीश करून देऊ शकतात. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ जरा सैल केला. भेट लग्नाच्याच दिवशी मिळालेली हवी असं नाही, लग्नाच्या निमित्ताने आधी किंवा नंतर आलेली असली तरी चालेल, असं ठरलं. पण पंधरा वर्षं ज्याचे हप्ते भरले त्या फ्लॅटचं काय? त्याबद्दल १९५५ चा हा कायदा गप्प आहे.

डोंबिवलीतलं एक जोडपं कल्पून पाहू. २०१० मध्ये तीस लाखांचा फ्लॅट घेतला. कर्ज नवऱ्याच्या पगारावर मिळालं म्हणून खरेदीखत त्याच्या एकट्याच्या नावावर. हप्ता त्याच्या खात्यातून जायचा. बायको शाळेत शिक्षिका. तिचा पगार किराणा, दूध, मुलांची फी, रिक्षावाले काका आणि सासूबाईंची औषधं यांत जायचा. घरातला हिशेब सोयीचा होता: तुझ्यातून घर चालवू, माझ्यातून घर घेऊ. आता फ्लॅटची किंमत पाऊण कोटी झाली आहे आणि दोघांना वेगळं व्हायचं आहे. न्यायालयासमोर नवऱ्याकडे खरेदीखत आहे, बँकेचे उतारे आहेत. बायकोकडे पंधरा वर्षांच्या संसाराचा एकही कागद नाही, कारण किराण्याची पावती कुणी जपून ठेवत नाही आणि फीची पावती मुलाच्या नावाची असते.

१९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याप्रमाणे नवरा-बायकोतला मालमत्तेचा वाद कुटुंब न्यायालय ऐकू शकतं. पण ऐकायचं कुठल्या नियमाने? दोन परक्या माणसांत वाद झाला असता तर जो नियम लागला असता त्याच. मालकी कुणाची, पैसा कुणाचा, पुरावा काय. ‘वैवाहिक मालमत्ता’ नावाची चीज हिंदू कायद्यात नाही, विशेष विवाह कायद्यात नाही, मुस्लिम किंवा पारशी कायद्यातही नाही. जी बाई नोकरी करत नव्हती तिची स्थिती तर शिक्षिकेहून अवघड. मद्रास उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये एका निकालात म्हटलं, की घर सांभाळणाऱ्या पत्नीच्या श्रमामुळेच नवरा कमावू शकला, तेव्हा त्या कमाईतून घेतलेल्या मालमत्तेत तिचाही वाटा आहे. निकाल मोलाचा आहे, पण तो एका न्यायमूर्तींचा आहे, आणि त्यावर विसंबून उद्या ठाण्याच्या किंवा नाशिकच्या न्यायालयात अर्धा फ्लॅट मिळेल असं कुणी समजू नये.

माझ्या मते आपल्याकडच्या घटस्फोटांतली निम्मी कटुता या रिकाम्या जागेतून येते. लग्न कधी मोडता येईल हे कायद्याने सांगितलं आहे, मुलाचं काय करायचं याचं तत्त्वही सांगितलं आहे. घर आणि पैसा यांचा मात्र नियमच नाही. मग त्यांचा सौदा होतो, आणि सौद्यात वजन टाकायला पोटगीपासून मुलापर्यंत सगळं वापरलं जातं.

हेच जोडपं बांद्याच्या पलीकडचं, मूळचं गोव्याचं असतं तर? तिथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे, आणि पोर्तुगालमध्ये राजेशाही गेल्यावर लगेच, नोव्हेंबर १९१० मध्ये, घटस्फोटाचा हुकूमनामाही आला. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची सगळी मालमत्ता सामाईक होते. कुणाच्या नावावर घेतली, कुणी कमावली, वारशाने कुणाला आली, हे बहुतांशी गौण. स्थावर विकायचं तर दोघांच्या सह्या लागतात. लग्न मोडलं की इन्व्हेंटरीची, म्हणजे मालमत्तेची यादी करून वाटणी करण्याची, कार्यवाही होते आणि निम्मं-निम्मं होतं. भारताचा प्राप्तिकर कायदासुद्धा हे मानतो. या संहितेखालच्या जोडप्याचं भाडं, व्याज असं उत्पन्न दोघांत अर्धं-अर्धं धरलं जातं, फक्त पगार ज्याचा त्याचा. गोव्याचा कायदा आदर्श आहे असा याचा अर्थ नाही. मूळ संहितेने मालकी दोघांची ठेवली, पण कारभार नवऱ्याच्या हाती दिला होता. आणि सिंधुदुर्गातून जाऊन म्हापशात फ्लॅट घेतला म्हणून हा कायदा आपल्याला लागू होईल, अशा भ्रमात राहू नये. पण डोंबिवलीची शिक्षिका आणि फोंड्याची शिक्षिका यांच्यात पाऊण कोटीच्या निम्म्याचा फरक आहे, तो केवळ वेगळ्या राजवटीच्या वारशामुळे.

बाकीच्या भारतात ही जागा भरण्याचा एक प्रयत्न झाला होता. २०१० मध्ये विवाह कायदे दुरुस्ती विधेयक आलं. लग्न सुधारण्यापलीकडे मोडलं आहे हे घटस्फोटाचं स्वतंत्र कारण व्हावं, आणि अशा वेळी पत्नीला नवऱ्याच्या स्थावर मालमत्तेचा विचार करून भरपाई मिळावी, असं त्यात होतं. ऑगस्ट २०१३ मध्ये राज्यसभेने ते मंजूर केलं. विरोध बराच झाला, निवडणुका आल्या, आणि ते तसंच बारगळलं.

तिच्या हातात काय असतं

नियम नाही म्हणजे काहीच नाही, असं नव्हे. पहिली गोष्ट स्त्रीधन. लग्नाआधी, लग्नात आणि लग्नानंतर तिला मिळालेले दागिने, पैसे, वस्तू पूर्णपणे तिच्या. माहेरून आलेल्या, तशाच सासरच्यांनी घातलेल्याही. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वच्छ सांगितलं, की हे धन सासरी ठेवलं म्हणून ते समाईक होत नाही. नवरा फक्त सांभाळणारा, आणि मागितल्यावर दिलं नाही तर तो फौजदारी विश्वासघाताचा गुन्हा. एप्रिल २०२४ मध्ये याच न्यायालयाने पुन्हा तेच सांगत एका पत्नीला तिच्या सोन्यापोटी २५ लाख रुपये द्यायला लावले.

तत्त्व पक्कं आहे, अडचण पुराव्याची. इथे लग्नाचा अल्बम कामी येतो. तुशी, पाटल्या, मोहनमाळ, बाजूबंद अंगावर दिसतायत असे फोटो, सराफाची पावती आईच्या नावाची असली तरी ती, रुखवताच्या वेळी कुणी हौसेने केलेली यादी. आणि लॉकर. दोघांच्या नावावरचा लॉकर शेवटचा कुणी, कोणत्या तारखेला उघडला, याची नोंद बँकेत असते. बायको माहेरी गेल्यानंतरच्या आठवड्यात नवऱ्याची सही त्या नोंदीत आढळली, तर दहा साक्षीदारांचं काम ती एक ओळ करते. उलटही होतं. सगळं सोनं आधीच माहेरी नेऊन मग सासरी ठेवल्याचा दावा करणाऱ्यांनाही तीच नोंद अडचणीत आणते.

दुसरी गोष्ट छप्पर. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षणाचा २००५ चा कायदा मालकी देत नाही, राहण्याचा हक्क देतो. पण ती राहते ते घर सासू-सासऱ्यांच्या नावावर असेल तर? २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं होतं, सासूच्या घरावर सुनेचा हक्क नाही, आणि त्यानंतर अनेक घरांत मुलाला कागदोपत्री ‘घराबाहेर काढून’ सुनेला दार दाखवण्याची युक्ती चालली. ऑक्टोबर २०२० मध्ये तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो निकाल चुकीचा ठरवला. ती जिथे संसार करत होती ते घर नातेवाइकाचं असलं तरी ‘सामाईक घर’ असू शकतं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये हेही स्पष्ट झालं, की ज्येष्ठ नागरिकांच्या कायद्याचा वापर करून सुनेचा हा हक्क सरसकट बुडवता येणार नाही. अर्थात म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांच्या शांततेचंही न्यायालय पाहतं. कित्येकदा वेगळ्या घराचं भाडं देण्याचा मार्ग निघतो.

वडिलोपार्जित शेती आणि वाडा यांबद्दल गैरसमज फार. नवऱ्याच्या वडिलोपार्जित मालमत्तेत बायकोला, तो हयात असताना, वाटणी मागता येत नाही. आपल्याकडच्या मिताक्षरा परंपरेत बाप आणि मुलगे वाटणी करायला बसले तर तिला एक हिस्सा मिळतो, पण ती स्वतः वाटणी लावू शकत नाही, आणि घटस्फोटानंतर ती वारसही राहत नाही. मुलांचं मात्र तसं नाही. आई-बाप वेगळे झाले म्हणून मुलाचा किंवा मुलीचा जन्मसिद्ध हिस्सा कमी होत नाही. मुलींना हा हिस्सा महाराष्ट्राने १९९४ मध्येच दिला, देशाने २००५ मध्ये. सातबाऱ्यावर बायकोचं नाव लावण्याची गोष्ट काढली तर शरद जोशींच्या शेतकरी संघटनेची ‘लक्ष्मीमुक्ती’ आठवते. १९९० च्या आसपास गावोगावच्या शेतकऱ्यांनी आपणहून जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. कायदा जे देत नाही ते संसार धड असताना कागदावर आणता येतं, हे त्या मोहिमेने दाखवलं. भांडण झाल्यावर कुणी गुंठाभरही लिहून देत नाही.

तिसरी गोष्ट पोटगी. हिच्याबद्दल सगळ्यांत जास्त ऐकीव माहिती फिरते. ‘पगाराच्या पंचवीस टक्के’ हा आकडा सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांत आला आहे खरा, पण ते सूत्र नव्हे. दोघांचं उत्पन्न, शिक्षण, वय, लग्न किती वर्षं टिकलं, मुलं कुणाकडे, कुणावर कोण अवलंबून, हे सगळं पाहिलं जातं. हिंदू विवाह कायद्याखाली कमावती बायको असेल तर नवराही पोटगी मागू शकतो. नागपूरच्या कुटुंब न्यायालयातून वर गेलेल्या एका प्रकरणात, २०१३ पासूनच्या अंतरिम पोटगीचा वाद २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपला. तिथे न्यायालयाने देशभरासाठी नियम घालून दिले. दोघांनीही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जं यांचं प्रतिज्ञापत्र द्यायचं, आणि पोटगी अर्ज केल्याच्या तारखेपासून धरायची. अंतरिम, म्हणजे तात्पुरत्या पोटगीला सात वर्षं लागली, ही गोष्ट नियमांपेक्षा जास्त बोलकी आहे.

ते प्रतिज्ञापत्र भरणं हे एक प्रकरणच असतं. पगार, घरभाडं, म्युच्युअल फंड, पीएफ, गाडी, सोनं, क्रेडिट कार्डाचा खर्च, घरकामाच्या बाईंचा पगारसुद्धा. नोकरदाराला लपवायला फारशी जागा नसते. धंदेवाल्यांची विवरणपत्रं मात्र अशी असतात की वाचणाऱ्याला वाटावं, हा माणूस दुकान समाजसेवेसाठी चालवतो. अशा वेळी उत्पन्नापेक्षा राहणीमान पाहिलं जातं: मुलं कोणत्या शाळेत, गाडी कोणती, गेल्या उन्हाळ्यात सहल कुठे.

अटी

आपण चित्रपटात पाहतो तसे कडाक्याचे युक्तिवाद कुटुंब न्यायालयात क्वचित होतात. पक्षकाराला तिथे वकील हक्काने मिळत नाही, न्यायालयाची परवानगी लागते, हे अनेकांना ठाऊक नसतं. आधी समुपदेशकाकडे पाठवतात. बांद्रा-कुर्ला संकुलातल्या न्यायालयात असो की पुण्यात शिवाजीनगरला, खरी वाटणी कोर्ट हॉलच्या बाहेर, बाकांवर आणि समुपदेशकाच्या खोलीत होते. तिथून जो कागद बाहेर पडतो त्याला वकील मंडळी ‘कन्सेंट टर्म्स’ म्हणतात.

परस्पर संमतीचा घटस्फोट १९७६ मध्ये कायद्यात आला. एक वर्ष वेगळं राहिलेलं हवं, दोघांनी मिळून अर्ज, मग सहा महिन्यांनी दुसरी तारीख. हे सहा महिने गरजेप्रमाणे माफ करता येतात, असं २०१७ मध्ये ठरलं. पण निकालापर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं, आणि सौद्यातली सगळी धास्ती इथेच असते. तिने सही केली आणि त्याने पैसे दिले नाहीत तर? त्याने पैसे दिले आणि ती फिरली तर? म्हणून रक्कम टप्प्याने देतात: काही पहिल्या तारखेला, उरलेली दुसऱ्या तारखेला न्यायाधीशांसमोर डिमांड ड्राफ्ट हातात देऊन. रक्कम एकरकमी असेल तर ती भांडवली स्वरूपाची, तिच्यावर प्राप्तिकर नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने १९८३ मध्ये म्हटलं आहे. दरमहा मिळणारी पोटगी मात्र उत्पन्न धरली गेली. पाच वर्षांत मिळून तेवढीच रक्कम येणार असली तरी हातात पडणारा पैसा वेगळा असतो, आणि हे गणित सही करण्याआधी कुणीतरी करायला हवं.

डोंबिवलीच्या फ्लॅटकडे परत येऊ. समजा नवरा अर्धा हिस्सा द्यायला तयार झाला. महाराष्ट्रात राहतं घर बायकोला बक्षीसपत्राने दिलं तर मुद्रांक शुल्क २०० रुपये, वर स्थानिक अधिभार आणि नोंदणीचा खर्च. पण ही सवलत ‘बायको’ला आहे. निकाल लागल्यावर ती बायको राहत नाही आणि तोच व्यवहार लाखांत जाऊ शकतो. म्हणून जाणते वकील बक्षीसपत्राची नोंदणी आणि दुसरी तारीख शक्य तितकी लागोपाठ ठेवतात. फ्लॅटवर कर्ज असेल तर आणखी गुंता. घटस्फोटाच्या प्रकरणात बँक पक्षकार नसते. ‘यापुढचे हप्ते नवरा भरेल’ असं अटींत कितीही ठळक लिहिलं, तरी कर्जाच्या करारावर दोघांच्या सह्या असतील तर हप्ता थकल्यावर बँक दोघांच्या दारात येते, आणि सिबिलचा आकडा दोघांचा घसरतो. बँकेकडून एकाचं नाव कमी करून घेणं किंवा कर्ज फेडून मोकळं होणं, याशिवाय तिसरा मार्ग नाही.

याहून धोकादायक कागद म्हणजे पाचशेच्या स्टँपवर नोटरीकडे केलेली सोडचिठ्ठी. पंचांसमक्ष लिहिली, दोन्हीकडच्या सह्या झाल्या, संपलं, असं अजून कित्येक गावांत मानतात. काही समाजांत काडीमोडाची रूढी पूर्वीपासून आहे आणि १९५५ च्या कायद्याने ती राखलीही आहे. पण आपल्या समाजात अशी रूढी आहे हे न्यायालयात पुराव्याने सिद्ध करावं लागतं, नुसता स्टँप पुरत नाही. तोपर्यंत दुसरं लग्न झालेलं असतं, त्याला मूल असतं, आणि पहिली बायको पेन्शनच्या रांगेत उभी राहते तेव्हा सगळ्यांना कळतं की पहिलं लग्न मोडलंच नव्हतं.

संमती नसेल तर कारण सिद्ध करावं लागतं: व्यभिचार, क्रूरता, दोन वर्षं टाकून देणं, धर्मांतर, गंभीर मनोविकार. कुष्ठरोग हे कारण या यादीत २०१९ पर्यंत होतं. आनंदवन ज्या राज्यात उभं राहिलं तिथे वकिली करणाऱ्यांनाही त्याची लाज वाटली नाही. क्रूरता म्हणजे काय, याचा पाया पुण्यातल्या एका जोडप्याच्या खटल्यात रचला गेला. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सुरू झालेला तो वाद १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात न्या. यशवंत चंद्रचूड यांच्यासमोर आला. क्रूरता फौजदारी खटल्यासारखी निःसंशय सिद्ध करायला नको, शक्यतेचं पारडं जड असलं तरी पुरे, असं त्यांनी ठरवलं. बायकोचं वागणं क्रूर होतं हेही मान्य केलं, आणि तरी नवऱ्याची मागणी फेटाळली, कारण त्या वागण्यानंतरही तो तिच्याबरोबर राहिला, म्हणजे त्याने ते माफ केलं. बाराएक वर्षं भांडून हाती आलं ते पुढच्या पिढ्यांना उपयोगी पडेल असं निकालपत्र.

लग्न पूर्ण मोडलं आहे, एवढं एकच कारण आजही कायद्यात नाही. मे २०२३ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने सांगितलं की राज्यघटनेच्या १४२व्या कलमाखाली सर्वोच्च न्यायालय त्या कारणावर घटस्फोट देऊ शकतं. पण ते फक्त सर्वोच्च न्यायालय. दिल्लीपर्यंत जाण्याची ऐपत आणि दम नसलेल्यांसाठी दार बंदच. उलट ‘नांदायला ये’ म्हणून दावा लावण्याचं हिंदू विवाह कायद्यातलं नववं कलम अजून जिवंत आहे. हा दावा आपल्या कायद्यात इंग्रजांनी आणला आणि तो मुंबईत गाजला तो रखमाबाईंमुळे. बालपणी झालेलं लग्न मान्य नाही म्हणून त्या नवऱ्याकडे गेल्या नाहीत. १८८७ मध्ये न्यायालयाने नांदायला जा, नाहीतर तुरुंग, असं फर्मावलं तेव्हा तुरुंगाची तयारी दाखवली. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली, आणि रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर होऊन आल्या. त्या काळी, काडीमोडाची रूढी असलेले समाज सोडले तर, हिंदू पत्नीला घटस्फोट मागण्याची कायद्यात सोयच नव्हती. बडोदा संस्थानात ती १९३१ मध्ये आली, मुंबई प्रांतात १९४७ मध्ये.

मूल कुणाचं

मुलांबद्दल कायद्याने दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या आहेत: पालकत्व आणि ताबा. १९५६ च्या कायद्यात हिंदू मुलाचा नैसर्गिक पालक बाप, ‘आणि त्याच्यानंतर’ आई. लेखिका गीता हरिहरन यांनी मुलाच्या नावे रोखे घ्यायला अर्ज केला तेव्हा रिझर्व्ह बँकेने वडिलांची सही मागितली. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘नंतर’ म्हणजे बाप मेल्यावर नव्हे, तर तो नसताना किंवा लक्ष देत नसतानाही, असा अर्थ लावला. पाच वर्षांखालचं मूल साधारणपणे आईकडे असावं, असं त्याच कायद्यात आहे. पण या सगळ्याच्या वर तेरावं कलम आहे: मुलाचं हित सर्वांत मोठं. बापाचा हक्क, आईचा हक्क, दोन्ही त्यापुढे दुय्यम.

हित म्हणजे मोठा बंगला नव्हे. आईचा पगार कमी म्हणून ताबा जात नाही, त्यासाठी बापाकडून मुलाचा खर्च लावून घेता येतो. शाळा बदलावी लागेल का, भावंडं एकत्र राहतील का, दिवसभर मुलाजवळ कोण असेल, हे पाहतात. नऊ-दहा वर्षांचं, जाणतं मूल असेल तर न्यायाधीश त्याला आपल्या खोलीत एकट्याला बोलावतात. ‘बाबा वाईट आहेत’ एवढं वाक्य पाठ करून आलेलं मूल अनुभवी न्यायाधीशाला तिसऱ्या प्रश्नाला ओळखू येतं. कुत्र्याचं नाव काय, शनिवारी काय करतोस, डबा कोण भरतं, असे ते प्रश्न असतात.

ज्याच्याकडे ताबा नाही त्याला भेटीचा हक्क, आणि मोडलेल्या संसारातलं भांडण खऱ्या अर्थाने चालू राहतं ते इथे. दर शनिवारी दोन तास न्यायालयातल्या मुलांच्या खोलीत, खेळण्यांच्या गराड्यात, बापाने आणलेला खाऊ आणि घड्याळाकडे बघत बाहेर बसलेली आई, हा पहिला टप्पा. मग दिवसभर, मग मुक्काम, मे महिन्याची आणि दिवाळीची अर्धी सुट्टी. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रत्यक्ष भेटीबरोबर व्हिडिओ कॉलचा हक्कही नीट मांडला. भेटीचे आदेश मोडण्याची कारणं ठरलेली असतात: ताप आहे, परीक्षा आहे, मूलच नाही म्हणतंय. म्हणून अटी जितक्या बारीक तितक्या बऱ्या. ‘दिवाळीची सुट्टी अर्धी-अर्धी’ असं लिहिलं की भाऊबीज कुणाकडे यावर वाद होतो. गणपती कुणाच्या घरी, वाढदिवस शाळेच्या दिवशी आला तर काय, आणायला-सोडायला कोण, उशीर झाला तर फोन कुणी करायचा, हे लिहून काढायला एक दुपार जाते आणि वाचतात ते पुढचे अर्जावर अर्ज.

खर्चाचंही तसंच. आईने अटींत स्वतःची पोटगी सोडली तरी मुलाचा हक्क सुटत नाही, तो तिचा नसतोच सोडायला. पण न्यायालयाचा खर्चाचा आदेश साधारणपणे मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत चालतो, आणि खरा खर्च अठराव्या वर्षीच सुरू होतो. इंजिनीअरिंगची किंवा नर्सिंगची फी कोण आणि किती भरणार, हे सहावीतल्या मुलासाठी आजच लिहून ठेवावं. अविवाहित मुलीचा पोषणाचा हक्क अठरानंतरही कायद्याने राखला आहे, मुलाचा तसा नाही.

मूल परदेशात जन्मलेलं असेल तर प्रश्न देशांचा होतो. १९८६ च्या जानेवारीत एका बापाने आपल्या सात वर्षांच्या मुलाला अमेरिकेतल्या मिशिगनमधून आईला न सांगता उचललं आणि पुण्याला आणलं. मुलाचा ताबा तिथल्या न्यायालयाने आईला दिलेला होता. आई भारतात आली, आणि त्याच नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुलगा तिच्याकडे परत सोपवला. तेव्हाचा सूर होता, परदेशी न्यायालयाचा आदेश मोडून मूल पळवणाऱ्याला फायदा मिळू द्यायचा नाही. २०१७ मध्ये सूर बदलला. परदेशी आदेश हा विचारात घेण्याचा एक मुद्दा, मुलाचं हित इथलं न्यायालय स्वतंत्रपणे पाहील. पळवलेल्या मुलांविषयीच्या १९८० च्या हेग करारावर भारताने सही केलेली नाही, त्यामुळे न्यू जर्सीहून सुट्टीला आलेली आई मुलासह ठाण्यातच राहिली, तर बापाला इथल्या उच्च न्यायालयात हेबिअस कॉर्पसचा, म्हणजे मुलाला न्यायालयासमोर हजर करा असा, अर्ज करावा लागतो आणि निकाल काय लागेल ते आधी सांगता येत नाही. घटस्फोटाच्या परदेशी हुकूमनाम्याचंही तसंच. १९९१ पासूनचा नियम असा, की ज्या कारणावर तिथे घटस्फोट मिळाला ते आपल्या कायद्यात नसेल आणि दुसऱ्या बाजूने तिथल्या न्यायालयाला मान्यता दिली नसेल, तर इथे तो हुकूमनामा चालत नाही. कॅलिफोर्नियात संसारातली कमाई निम्मी-निम्मी वाटली जाते. तिथे झालेल्या वाटणीत पुण्यातला फ्लॅट धरला असला तरी त्याचं खरेदीखत बदलायला पुण्यातच यावं लागतं.

ताब्याचा आदेश कधीच कायमचा नसतो, हे १९७३ पासून सर्वोच्च न्यायालय सांगत आलं आहे. मूल मोठं होतं, आईची बदली होते, बाप दुसरं लग्न करतो, आजी वारते, आणि परिस्थिती बदलली की पुन्हा अर्ज करता येतो. संमतीने ठरलेला ताबाही याला अपवाद नाही. मालमत्तेच्या अटींचं मात्र असं नाही. तिथे एकदा सही झाली की फसवणूक सिद्ध केल्याशिवाय मागे फिरता येत नाही. त्यामुळे निकालाची प्रमाणित प्रत हातात आल्यावर पहिल्या आठवड्यात करायची कामं सगळी पैशांची आहेत: पीएफ आणि विम्याचं नामनिर्देशन बदलणं, सोसायटीच्या भागप्रमाणपत्रावरचं नाव, लॉकरचा करार, संयुक्त खातं बंद करणं, मृत्युपत्र असेल तर ते नव्याने करणं. मुलाच्या शाळेत दोघांचेही फोन नंबर राहू द्यावेत.